कर्जत कोणते? : निर्देशिकेतील शोधाची गोष्ट

महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक रायगड जिल्ह्यात, दुसरा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात. म्हणून पाकिटावर नुसते ‘कर्जत’ लिहून भागत नाही. आपण लिहितो : मु. पो. नेरळ, ता. कर्जत, जि. रायगड.

संगणकांच्या जाळ्यावरील निर्देशिकेत माणसे, कार्यालये, यंत्रे यांच्या नोंदी अशाच ठेवतात. नोंदींची रचना झाडासारखी असते. मुळाशी देश, मग राज्य, जिल्हा, तालुका अशा फांद्या फुटतात. नोंदीचे पूर्ण नाव मात्र पत्त्याप्रमाणे शेंड्याकडून मुळाकडे लिहितात. अशा निर्देशिकांचे ‘एक्स.५००’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ साली आले. ते फार अवजड होते. म्हणून १९९३ साली ‘एलडॅप’ हा सुटसुटीत प्रोटोकॉल प्रसिद्ध झाला. तो आजही वापरात आहे.

समजा, रायगड जिल्ह्यातील शाळांची अशी निर्देशिका केली. तालुक्याखाली गावे, गावाखाली शाळा, शाळेखाली शिक्षक. आता खालापूर तालुक्यातील विज्ञानशिक्षक शोधायचे आहेत. त्यासाठी तीन गोष्टी सांगाव्या लागतात.

पहिली, आरंभ कोठून करायचा? खालापूरच्या नोंदीपासून. दुसरी, किती खोल जायचे? केवळ तीच नोंद पाहायची, तिच्याखालची एकच पातळी पाहायची, की सगळी शाखा धुंडाळायची? तिसरी गोष्ट म्हणजे चाळणी : ‘नोंद शिक्षकाची आहे’ आणि ‘विषय विज्ञान आहे’. अशा अटी ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांनी जोडता येतात.

येथे एकच पातळी निवडली तर काय होईल? संगणक खोपोली, चौक अशा गावांच्या नोंदी तपासेल. त्यांपैकी एकही नोंद शिक्षकाची नाही. उत्तर येईल : शोध यशस्वी, नोंदी शून्य! संगणक चुकलेला नसतो; चूक प्रश्नात असते. एखाद्या शिक्षकाच्या नोंदीत विषयच भरलेला नसेल, किंवा ती नोंद पाहण्याची आपल्याला परवानगी नसेल, तरीही ती गुपचूप वगळली जाते.

आरंभाची नोंदच नसेल तर मात्र संगणक तसे स्पष्ट कळवतो. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. झाडातील त्या एका फांदीचे नाव बदलले की तिच्याखालच्या प्रत्येक नोंदीचे पूर्ण नाव बदलते. जुन्या ‘कुलाबा’पासून शोध सुरू केला, तर ‘अशी नोंद नाही’ असे उत्तर मिळेल.

अशा यादीवरून प्रशिक्षणाची निमंत्रणे धाडली, तर वगळलेल्या शिक्षकाला आपण वगळलो गेलो हे कळणारही नाही. म्हणून ‘शून्य’ या उत्तराचा अर्थ ‘असे कोणी नाही’ असा घेऊ नये. त्याचा अर्थ एवढाच : येथून, एवढ्या खोलीपर्यंत, या अटींवर काही दिसले नाही.

वर्गात कार्डांवर गावे, शाळा, शिक्षक लिहून असे झाड मांडावे. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या खोलींनी विचारावा आणि उत्तरे कशी बदलतात ते मुलांनाच शोधू द्यावे.