साहेबांचा मूड कसा आहे?

नवे एमडी रुजू झाले की पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त फोन त्यांना येत नाहीत. ते येतात त्यांच्या केबिनबाहेर बसणाऱ्या सचिवाला. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या इंजिनीअरिंग कंपन्यांमध्ये मी बरीच वर्षं त्या खुर्चीत काढली. फोनवरचे प्रश्न दर वेळी तेच असायचे. “मॅडम, साहेबांचा मूड कसा आहे?” “साहेब आकडे बघतात की नुसते ग्राफ?” “रिव्ह्यूमध्ये मध्येच अडवतात का? सगळ्यांसमोर बोलतात की केबिनमध्ये बोलावून?” ऐकायला ही साधी विचारपूस वाटते, पण प्रत्यक्षात ती पाहणी असते. पंधरा दिवसांत मार्केटिंगपासून स्टोअरपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं की या माणसाला काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही. इकडे साहेब मात्र आपण कंपनी समजून घेतोय अशा समजुतीत असतात.

रिव्ह्यूचं प्रेझेंटेशन कसं तयार होतं ते मी जवळून पाहिलंय. पहिली फाइल सोमवारी माझ्या मेलवर यायची. तिच्यात रिजेक्शनचं एक पान असायचं, कोणत्या लाइनवर किती माल बाद झाला ते दाखवणारं. बुधवारी सुधारित फाइल यायची, तेव्हा ते पान शेवटच्या ‘धन्यवाद’च्याही मागे, बॅकअपमध्ये गेलेलं असायचं. मीटिंगच्या सकाळी तिसरी फाइल यायची, ‘मॅडम, हीच लावा’ असा निरोप घेऊन, आणि तिच्यात ते पान नसायचंच. यात कुणीही खोटं बोललेलं नसायचं. फक्त एक पान कमी झालेलं असायचं.

प्लांट राऊंडचंही तेच. साहेब येणार म्हटलं की आदल्या रात्री पिवळे पट्टे नव्याने रंगवले जायचे, बाद मालाचे लाल बिन मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जायचे आणि सुरक्षा रक्षकाला सांगितलेलं असायचं की गाडी गेटमध्ये शिरली की आधी फोन कर. साहेब शॉप फ्लोअरवर पोचेपर्यंत तो फ्लोअर वेगळाच झालेला असायचा.

नव्या सीईओंना सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही. पहिल्या शंभर दिवसांचा आराखडा, व्हिजन, नवी टीम, नवा ऑर्ग चार्ट असं सगळं सुचवलं जातं. ते निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण केबिनबाहेरून जे दिसलं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे की नव्या प्रमुखाचं पहिलं काम वाईट बातमी आपल्यापर्यंत पोचेल अशी वाट मोकळी करणं हे आहे. ती वाट भाषणाने मोकळी होत नाही. ‘माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे’ हे वाक्य मी प्रत्येक नव्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय. कुणीतरी पहिल्यांदा खरोखरच वाईट बातमी घेऊन आत जातो, तेव्हा साहेब काय करतात, यावर सगळं ठरतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण मला फोर्ड मोटर कंपनीत सापडतं. २००६ च्या सप्टेंबरमध्ये हेन्री फोर्ड यांचे पणतू बिल फोर्ड यांनी सीईओपद सोडून ॲलन मुलाली यांना आणलं. मुलाली बोइंगमधले, विमानं बनवणारे. डेट्रॉइटच्या मोटार उद्योगात हा बाहेरचा माणूस काय करणार, असंच बहुतेकांना वाटत होतं. फोर्डमध्ये मीटिंगच्या आधी मीटिंग घेण्याची पद्धत होती. मोठ्या बैठकीत काय बोलायचं ते आधीच्या छोट्या बैठकीत ठरायचं. अधिकारी जाडजूड फायली आणि उत्तरं पुरवणारे सहायक घेऊन यायचे. मुलालींनी दर गुरुवारी सकाळी एकच आढावा बैठक सुरू केली. प्रत्येक विभागप्रमुखाने स्वतः येऊन स्वतःचं काम मांडायचं आणि प्रत्येक कामापुढे रंग लावायचा. ठरल्याप्रमाणे चाललं असेल तर हिरवा, काळजीचं असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. दुसऱ्याची टिंगल करायची नाही, शेजाऱ्याशी कुजबुजायचं नाही, फोनमध्ये डोकं घालायचं नाही.

पहिले काही आठवडे सगळे तक्ते हिरवेगार. त्याच वर्षी कंपनीला बारा अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, हे लक्षात घेतलं की त्या हिरव्या रंगाचा अर्थ कळतो. मुलालींनी सरळ विचारलं की आपण अब्जावधी डॉलर गमावणार आहोत, मग कुठेच काही बिघडलेलं नाही असं कसं? खोलीतल्या कुणीही उत्तर दिलं नाही.

अमेरिका खंडाच्या व्यवसायाचे प्रमुख मार्क फील्ड्स यांच्याकडे त्या वेळी फोर्ड एज ही नवी गाडी होती. कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यातून ती बाजारात जाणार होती आणि ऐन वेळी तिच्यात एक तांत्रिक दोष सापडला. दोष असतानाही गाड्या पाठवून द्याव्यात, अशी जुनी सवय. फील्ड्स यांनी गाड्या थांबवल्या आणि पुढच्या बैठकीत आपल्या तक्त्यावर लाल रंग लावला. सीईओपदासाठी ज्यांचं नाव घेतलं जायचं त्यात फील्ड्सही होते, त्यामुळे आता यांची गच्छंती नक्की असं बाकीचे धरून चालले. खोलीत शांतता पसरली आणि मुलालींनी टाळ्या वाजवल्या. इतकं स्पष्ट चित्र समोर ठेवल्याबद्दल त्यांनी फील्ड्स यांचे आभार मानले आणि यांना मदत कोण करू शकेल असं विचारलं. लगेच एकाने सांगितलं की असाच दोष दुसऱ्या गाडीत पाहिलाय, दुसऱ्याने इंजिनीअर पाठवायची तयारी दाखवली.

टाळ्यांचा हा किस्सा व्यवस्थापनाच्या वर्गात नेहमी सांगितला जातो. मला मात्र त्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. टाळ्या ऐकूनही लोकांनी लगेच आपले रंग बदलले नाहीत. पुढच्या बैठकांना फील्ड्स आपल्या जागेवर दिसताहेत, त्यांची खुर्ची शाबूत आहे आणि बोलणंही पूर्वीसारखंच चालू आहे, याची खात्री पटल्यावरच बाकीच्या तक्त्यांवर पिवळे आणि लाल ठिपके उमटू लागले. टाळ्या कुणीही वाजवील. बातमी आणणारा माणूस महिन्याभराने कुठे बसलेला आहे, हे लोक बघतात. इन्क्रीमेंटच्या वेळीही बघतात. फील्ड्स यांची खुर्ची शाबूतच राहिली. २०१४ मध्ये मुलाली निवृत्त झाले तेव्हा फोर्डचे सीईओ झाले ते फील्ड्सच.

२००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायसलर दिवाळखोरीत गेल्या, फोर्ड गेली नाही. त्यामागे २००६ च्या अखेरीस मालमत्ता गहाण ठेवून काढलेलं प्रचंड कर्जही होतं, नुसत्या रंगीत तक्त्यांना सगळं श्रेय देणं बरोबर नाही. पण संकट खरं केवढं आहे ते ज्या खोलीत बोलता येत नाही, तिथे एवढं कर्ज फेडण्याची शिस्त कुठून येणार?

पैसा उभा करण्यासाठी आणि पसारा आटोपण्यासाठी मुलालींच्या काळात फोर्डने जे विकलं, त्यात जग्वार आणि लँड रोव्हर होत्या. २००८ मध्ये त्या घेतल्या टाटा मोटर्सने, म्हणजे आमच्या पिंपरीच्या जुन्या टेल्कोने. रतन टाटांचं नाव त्या खरेदीशी कायमचं जोडलं गेलं. पण टेल्कोचे अध्यक्ष म्हणून त्यांची सुरुवात कशी झाली हे आजच्या पिढीला फारसं ठाऊक नाही. ते १९८८ च्या अखेरीस टेल्कोचे अध्यक्ष झाले आणि वर्षभराच्या आत पुण्याच्या कारखान्यातला संघर्ष विकोपाला गेला. सप्टेंबर १९८९ मध्ये राजन नायर यांच्या नेतृत्वाखालचे कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले. पुण्यातल्या घराघरांत तेव्हा तोच विषय होता, कारण प्रत्येकाचा कुणी ना कुणी टेल्कोत होता. शेवटी एका रात्री पोलिसांनी उपोषणकर्त्यांना उचललं आणि संप मोडला. कंपनीने तो जिंकला असंच सगळीकडे म्हटलं गेलं. रतन टाटांनी मात्र नंतर सांगितलं की आपण कामगारांना गृहीत धरलं होतं, त्यांच्यासाठी जे शक्य आहे ते सगळं करतोय असं समजून चाललो होतो आणि बहुधा तसं नव्हतं. जिंकलेल्या लढाईबद्दल हे उघडपणे बोलायला मोठं मन लागतं.

याच टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्याची घडी बसवली सुमंत मुळगावकरांनी. सुमो या गाडीच्या नावात त्यांच्या नाव-आडनावाची सुरुवातीची अक्षरं आहेत. जेवणाच्या सुट्टीत ते अचानक दिसेनासे होत, आणि हमरस्त्यावरच्या ढाब्यावर ट्रकचालकांबरोबर जेवून गाडीत काय खटकतं ते ऐकत, अशी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगितली जाते. ती शब्दशः खरी आहे की कामगारांच्या प्रेमातून वाढली आहे, त्याने मला फरक पडत नाही. कारखान्यातल्या माणसांना आपला प्रमुख कसा असावासा वाटतो, ते तिच्यात दिसतं. आकडे गोड करून सांगणाऱ्यांना वळसा घालून जो थेट गिऱ्हाइकाकडे जातो, तो.

बातमी वर यायला रस्ता लागतो, आणि तो बांधावा लागतो. अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनियम कंपनीत पॉल ओनील १९८७ मध्ये प्रमुख झाले. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्या भाषणात ते नफ्याबद्दल न बोलता कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल बोलले, ही गोष्ट बरीच प्रसिद्ध आहे. मला त्यांचा चोवीस तासांचा नियम अधिक मोलाचा वाटतो. कुठेही कामगाराला इजा झाली, तर त्या विभागाच्या प्रमुखाने एका दिवसात ओनील यांना कळवायचं, आणि ती इजा पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं. आता एका दिवसात हे सांगायचं, तर प्रमुखाला प्लांट मॅनेजरकडून काही तासांत कळायला हवं आणि मॅनेजरला सुपरवायझरकडून काही मिनिटांत. सुपरवायझरने कामगाराचं ऐकून घेण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. एकदा तो रस्ता झाल्यावर त्यावरून फक्त अपघातांच्या बातम्या आल्या नाहीत, उत्पादन सुधारण्याच्या सूचनाही आल्या. ओनील यांनी कामगारांना घरचा फोन नंबर देऊन ठेवला होता, त्यावरही लोक अशा सूचना सांगू लागले.

आता मी पाहिलेली एक गोष्ट. महिनाअखेरचं डिस्पॅच हा आमच्या उद्योगातला जुना रोग. तीस तारखेला टार्गेट पुरं करायचं म्हणून बिलं फाडायची, माल ट्रकमध्ये भरून वजनकाट्यापलीकडे उभा करायचा, आणि पुढच्या महिन्याच्या दोन-तीन तारखेला त्यातला काही परत आत घ्यायचा. सगळ्यांना माहीत असतं, फक्त एमडींना नसतं. एका कंपनीत प्लॅनिंगच्या तरुण इंजिनीअरने नव्या एमडींपुढे भर मीटिंगमध्ये हे सांगितलं. साहेबांनी शाबासकी दिली, आणि त्याच दमात प्लांट हेडला सगळ्यांसमोर झापलं. प्लांट हेडने पुढे त्या मुलाला मीटिंगला आणलंच नाही. सहा महिन्यांत त्याने नोकरी सोडली. त्या साहेबांच्या कारकिर्दीत पुन्हा कुणी तसं काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या कंपनीत हीच गोष्ट एका वयस्क डिस्पॅच सुपरवायझरने सांगितली. तिथले साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग प्लांट हेडला म्हणाले, “मला सांगा, हे टार्गेट दिलं कुणी? आम्हीच ना?” त्या महिन्याचं टार्गेट त्यांनी तिथल्या तिथे कमी केलं. संध्याकाळी मला म्हणाले, “अध्यक्षांना फोन लावा.” या तिमाहीची विक्री सांगितल्यापेक्षा कमी येणार आहे, कारण मागची फुगवलेली होती, असं त्यांनी अध्यक्षांना सांगितलं. संभाषण लांबलं आणि सोपं नव्हतं. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. पण दुसऱ्या दिवसापासून मला येणारे फोन बदलले. मूड कसा आहे हे विचारणं थांबलं आणि “साहेबांची दहा मिनिटं मिळतील का?” हे विचारणं सुरू झालं.

खालून आलेली वाईट बातमी तुम्ही वर नेली नाहीत तर ती खालीही टिकत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. एमडी स्वतः संचालक मंडळापुढे गोड आकडे मांडत असेल, तर त्याने प्लांट हेडकडून खऱ्याची अपेक्षा कशी करावी? मुलालींच्या पाठीशी कार्यकारी अध्यक्ष म्हणून बिल फोर्ड उभे होते. आपल्याकडे किती नव्या सीईओंना असा आधार मिळतो?

म्हणून माझं शेवटचं सांगणं नव्या सीईओंना नाही, त्यांना नेमणाऱ्यांना आहे. अध्यक्षमहाशय, संचालक मंडळी, तुम्ही निवडलेला माणूस पहिल्या वर्षात कधीतरी पडलेला चेहरा घेऊन तुमच्यासमोर येईल आणि आधी सांगितलेला आकडा चुकीचा होता असं म्हणेल. त्या दिवशी ‘आधी का नाही सांगितलं’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्याला काय मदत हवी ते विचारा, आणि पुढच्या तिमाहीचा आकडा त्याच्याबरोबर बसून नव्याने ठरवा.