अक्षर, यंत्र आणि कलावंत : प्रा. र. कृ. जोशी यांच्या कार्याचा परामर्श

प्रस्तावना :
जुन्नर-आंबेगाव परिसराला लिपीचा प्राचीन वारसा लाभला आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेण्यात ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख असून त्यात यज्ञ व दाने यांच्या नोंदींबरोबर अंकचिन्हेही आढळतात. या ब्राह्मीच्याच परंपरेतून पुढे देवनागरी विकसित झाली. छिन्नी, बोरू, शिशाचा खिळा, टंकलेखन यंत्र आणि संगणक अशी साधने बदलत गेली. प्रत्येक साधनाने अक्षराच्या वळणावर आपला ठसा उमटविला. यंत्राच्या सोयीसाठी अक्षराने किती वाकावे, हा प्रश्न संगणकयुगात तीव्र झाला. त्याला आपल्या कार्यातून उत्तर देणारे कलावंत म्हणजे सुलेखनकार व कवी प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) होत.

जीवनकार्य :
जोशी यांचा जन्म कोल्हापूरचा. मुंबईत उपयोजित कलेचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी 'उल्का' या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक म्हणून काम केले. १९८३ पासून ते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन करीत होते. पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी संगणकतज्ज्ञांसमवेत भारतीय लिपींवर काम केले. 'विन्यास' ही अक्षरमुद्रा-आरेखनाची संगणकीय प्रणाली त्यांच्या कार्याशी निगडित आहे. विंडोज २००० या प्रणालीसोबत आलेला देवनागरी 'मंगल' आणि तमिळ 'लता' हे टंक त्यांनीच आरेखित केले.

यंत्राला दिलेले नियम :
टंकलेखन यंत्रातील कळा मर्यादित असल्यामुळे अनेक जोडाक्षरे तोडून लिहावी लागत. संगणकात ही सक्ती उरली नाही. मात्र अडचण निराळी होती. 'कि' लिहिताना संगणकाच्या स्मृतीत 'क' आधी आणि वेलांटी नंतर साठविली जाते. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसते. 'अर्क' या शब्दातील 'र्' उच्चारात व स्मृतीत 'क'च्या आधी येतो. दृश्यरूपात तो 'क'च्या माथ्यावर रफार होऊन बसतो. 'स्त्री' या एका अक्षरामागे सहा संकेतांक असतात. सुलेखनकाराच्या हाताला अंगवळणी पडलेले हे ज्ञान यंत्रासाठी नियमरूपात मांडणे आवश्यक होते. भारतीय लिपींच्या अशा अक्षरजुळणीच्या संगणकीय रचनेविषयी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत एस. पी. मुदूर यांच्यासमवेत जोशी यांचाही समावेश होता. कलावंताचे ज्ञान येथे केवळ सजावटीसाठी नव्हे, तर यंत्राच्या कार्यपद्धतीचा भाग म्हणून उपयोगी पडले.

नियमाकडून अनुकरणाकडे :
पाश्चात्त्य जगात चित्रकार हॅरॉल्ड कोहेन (१९२८-२०१६) यांनी 'ॲरन' ही चित्रे काढणारी संगणकप्रणाली अनेक दशके विकसित केली. तिचे नियम ते स्वतः लिहीत. सुगवेन चुंग या कलावंताने २०१५ पासून यंत्रहस्तासमवेत रेखाटने केली. पुढील टप्प्यात तो यंत्रमानव तिच्याच जुन्या रेखाटनांवरून शिकू लागला. जोशी यांची पद्धत कोहेन यांच्या जवळची होती. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता मात्र प्रामुख्याने नमुन्यांवरून शिकते. ज्या रूपाचे नमुने अधिक, ते रूप प्रमाण ठरण्याचा धोका त्यामुळे संभवतो.

मराठीपुरता हा धोका काल्पनिक नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये पाकळीयुक्त 'ल' व देठयुक्त 'श' ही रूपे मराठीसाठी निश्चित केली. युनिकोडमध्ये मराठी व हिंदी 'ल'साठी संकेतांक एकच आहे. कोणते रूप दिसावे हे टंकावर अवलंबून असते. खुद्द 'मंगल' टंकात ही अक्षरे हिंदी वळणाचीच आली. भाषेनुसार रूप बदलण्याची सोय ओपनटाइप तंत्रात आहे. परंतु ती टंककाराने जाणीवपूर्वक करावी लागते.

समारोप :
यंत्राशी सहकार्य म्हणजे निर्णयाचा त्याग नव्हे, हे जोशी यांच्या कार्यावरून स्पष्ट होते. त्याचबरोबर 'ल' आणि 'श' यांचे उदाहरण असे दर्शविते की, जे यंत्राला सांगितले जात नाही, ते यंत्र आपणहून जपत नाही. म्हणून मराठी अक्षराचे वळण टिकवावयाचे असल्यास यंत्राला शिकविणाऱ्यांत मराठी अक्षर जाणणारा कलावंत असणे अगत्याचे आहे.