वासरांचे पर्यायी दूध आणि वनस्पतिजन्य प्रथिने

दुधाला दर बरा मिळू लागला की गोठ्यातील पहिली काटकसर वासराच्या वाट्याला येते. आईच्या दुधाऐवजी पाण्यात कालवलेली भुकटी, म्हणजेच 'मिल्क रिप्लेसर', त्याच्यापुढे ठेवली जाते. ही पद्धत मुळात सदोष नाही. मात्र भुकटीतील प्रथिने कोठून आली, यावर बरेच काही अवलंबून असते. दूध पावडर महाग पडते म्हणून तिच्या जागी सोयाबीनचे अथवा गव्हाचे प्रथिन वापरले जाते. विदर्भ-मराठवाड्यात तर सोयाबीन शेतातच पिकते. तेव्हा ते दळून वासराला पाजण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

नवजात वासराला चार पोटे असली, तरी पहिले काही आठवडे पचनाचे काम मुख्यतः चौथे, म्हणजे खरे पोटच करते. दूध पिताना अन्ननलिकेच्या टोकाशी पन्हळ तयार होते व दूध कोठीपोट टाळून थेट तेथे पोहोचते. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. रेनिन या पाचकद्रव्यामुळे ते साकळून त्याचा गोळा होतो आणि कित्येक तास थोडाथोडा आतड्यात उतरतो. सोयाबीनचे प्रथिन असे साकळत नाही. ते लवकर पुढे सरकते. परंतु सगळा दोष यावरच टाकणे बरोबर होणार नाही, कारण पनीरनंतर उरणाऱ्या निवळीतील प्रथिनेही साकळत नाहीत आणि तरीही ती उत्तम पचतात.

खरा अडसर बियाण्यातच आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सीन या पाचकद्रव्याला निष्प्रभ करणारे घटक असतात. योग्य उष्णता दिल्यास ते बहुतांशी नष्ट होतात. पण ग्लायसिनीन व बीटा-कॉनग्लायसिनीन ही प्रथिने भाजण्याला पुरती दाद देत नाहीत. काही वासरांचे शरीर त्यांना परके समजून प्रतिकार करते. आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म अंकुर खुरटतात, शोषण घटते आणि हगवण लागते. सोयाबीनमधील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा न पचता मोठ्या आतड्यात आंबतात, ही आणखी एक भर. पातळ दुधात गूळ घालून ते 'पौष्टिक' करण्याची समजूतही अशीच घातक आहे. उसाची साखर पचविण्याची सोय वासराच्या आतड्यात नसते.

कारखान्यात अल्कोहोलची प्रक्रिया करून शुद्ध केलेले सोयाप्रथिन पुष्कळच सुसह्य असते, मात्र तेही तीन आठवड्यांच्या पुढील वासराला. घरच्या गिरणीत हे साधत नाही. म्हणून भुकटी घेताना पिशवीवरील घटकांची यादी वाचावी. लहान वासरासाठी स्निग्धांश काढलेली दूध पावडर व निवळीची भुकटी यांवर आधारलेलीच निवडावी. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत चीक पाजण्याला तर कोणतीही भुकटी पर्याय नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून थोडा खुराक व स्वच्छ पाणी पुढे ठेवल्यास कोठीपोट हळूहळू तयार होते. ते कामाला लागले, की सोयाबीनची प्रक्रिया केलेली पेंड दोन-तीन महिन्यांच्या वासराच्या खुराकात निर्धास्तपणे मिसळता येते.