कोणते मूल, कोणते कार्ड, कोणता दाखला

लेक लाडकी योजनेत मुलीच्या जन्मापासून ती १८ वर्षांची होईपर्यंत पाच टप्प्यांत एकूण १,०१,००० रुपये मिळतात. जन्मानंतर ५,०००, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० अशी ही विभागणी आहे. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये हा निर्णय घेतला आणि ‘माझी कन्या भाग्यश्री’ ही आधीची योजना बंद झाली. ब्रिटनमध्ये १९४६ पासून मुलांमागे कुटुंबाला भत्ता मिळतो. भारतात तसा सरसकट भत्ता नाही. इथे मदत निरनिराळ्या योजनांत वाटलेली आहे आणि कोणते मूल धरायचे, याचा नियम प्रत्येकीचा वेगळा आहे.

लेक लाडकीत पहिली अट शिधापत्रिकेच्या रंगाची. कार्ड पिवळे किंवा केशरी हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवे. पांढरे कार्ड असेल तर अर्ज चालत नाही. दुसरी अट जन्मतारखेची. मुलगी १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली असावी. तिसरी अट अपत्यांच्या संख्येची. एक किंवा दोन मुली असल्या तर त्यांना, एक मुलगा व एक मुलगी असेल तर मुलीला लाभ मिळतो. दुसऱ्या बाळंतपणात जुळे झाले तर त्यातली एक किंवा दोन्ही मुली पात्र ठरतात.

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले सोयाबीन पेरणारे, केशरी कार्डाचे एक कुटुंब उदाहरणादाखल घेता येईल. थोरली २०२१ ची, धाकटी २०२४ ची. थोरलीला काहीच मिळणार नाही. धाकटी पात्र आहे, पण आईने किंवा वडिलांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केलेली असली तर. दोन्ही मुली १ एप्रिल २०२३ नंतरच्या असत्या, तर पहिलीच्या तिसऱ्या हप्त्याला आणि दुसरीच्या दुसऱ्या हप्त्याला ऑपरेशनचा दाखला जोडावा लागला असता. शेवटच्या ७५,००० साठी मुलगी अविवाहित असावी लागते आणि तिचे नाव मतदारयादीत असावे लागते.

अर्ज गावच्या अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा असतो. सोबत मुलीचा जन्मदाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, पालकांचे आधार कार्ड, शिधापत्रिका आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत लागते. शाळेच्या टप्प्यावर बोनाफाइडही. बाळाचे आधार नसले तरी पहिला हप्ता अडत नाही. अडते ते दुसरीकडे. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि जन्माची नोंद जिथे बाळ जन्मले तिथेच होते. सासर मानोऱ्याचे आणि बाळंतपण कारंज्याच्या दवाखान्यात झाले, तर दाखला कारंज्यातूनच आणावा लागतो. २१ दिवसांच्या आत नोंद झाली तर काम सोपे असते. सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून सासरच्या कार्डावर चढवणे, आधार आणि पासबुकावर एकच नाव असणे, ही कामे बाळंतपणाआधीच उरकलेली बरी.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा हिशेब निराळा आहे. पहिले अपत्य मुलगा असो की मुलगी, आईला दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्या वेळी मात्र मुलगी झाली तरच एकरकमी ६,००० मिळतात. इथे कार्डाच्या रंगावर सगळे ठरत नाही. मनरेगाचे जॉबकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान भारत कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, यांपैकी एक असले तरी चालते. त्यामुळे पांढऱ्या कार्डाच्या कुटुंबालाही हा दरवाजा उघडा असतो. सरकारी नोकरीतल्या मातांना ही योजना लागू नाही.

एक पालक गमावलेल्या किंवा अनाथ मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही. २०२३ पासून प्रत्येक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात आणि ही मदत १८ वर्षांपर्यंत चालते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात जातो आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. वडील गेल्यावर एकटीने शेत आणि घर सांभाळणाऱ्या आईने ही योजना आधी पाहावी.

प्रत्येक मूल मोजणारी एक मदत वाशिममध्ये आहे, पण ती बालकल्याणाच्या नावाने येत नाही. अमरावती विभाग, मराठवाडा आणि वर्धा अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना सवलतीचे धान्य मिळत असे. २०२३ पासून त्याऐवजी कार्डावरील प्रत्येक व्यक्तीमागे दरमहा १५० रुपये थेट खात्यात जमा होऊ लागले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० झाली. तान्ह्या बाळाचे नाव कार्डावर चढले नाही, तर तेवढी रक्कम कमी येते.

कर भरणाऱ्यांना मदत सवलतीच्या रूपात मिळते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या नोकरदाराला दोन मुलांपर्यंतचे शैक्षणिक शुल्क १,५०,००० रुपयांच्या एकूण मर्यादेत वजावट म्हणून दाखवता येते. सुकन्या समृद्धी खात्यातली बचतही त्याच मर्यादेत धरली जाते. हे खाते दहा वर्षांच्या आतल्या मुलीच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत वर्षाला किमान २५० रुपये भरून चालवता येते आणि साधारणपणे एका कुटुंबाला अशी दोन खाती उघडता येतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने केवळ शेतीवर जगणाऱ्या घराला कराच्या सवलतीचा उपयोग नाही, पण सुकन्या खात्याचे व्याज त्यालाही मिळतेच.