ओल्या पावलाचा ठसा

तळपायाची कमान, म्हणजे टाच आणि चवडा यांच्यामधला जमिनीपासून उचललेला आतला भाग, जन्मतः दिसत नाही; लहान मुलाच्या पायात तिथे मेदाची गादी असते आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांत ती ओसरत कमान आकार घेते. तरीही तळवा सपाट दिसला की खास बनावटीचे बूट देण्याचा प्रघात विसाव्या शतकात दीर्घकाळ टिकला. १९८९ मध्ये अमेरिकेत वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बुटांची व बुटात बसवायच्या आधारांची तुलना कोणताच उपचार न मिळालेल्या मुलांशी केली, तेव्हा किमान तीन वर्षांनंतर सर्वच गटांतील पाय सारखेच सुधारलेले आढळले.

भारतात हा प्रश्न उलट बाजूने, म्हणजे बुटांमुळेच तळवा सपाट राहतो का असा, विचारला गेला तो १९९२ मध्ये. कर्नाटकातील राव आणि जोसेफ या अस्थिशल्यचिकित्सकांनी ४ ते १३ वयोगटातील २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. न्हाणीतून आलेल्या मुलाचे ओले पाऊल शहाबादी फरशीवर जसे उमटते, तसाच हा ठसा, आणि त्यात मधला भाग भरून आला की तळवा सपाट. पादत्राणे घालणाऱ्यांत हे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के निघाले, आणि चपलांपेक्षा बंद बुटांचा दोष अधिक दिसला. १९९५ च्या १,८४६ प्रौढांच्या पाहणीनेही लहानपणीच बूट घालू लागलेल्यांत सपाट तळवे अधिक असल्याचे दाखवले. मात्र अनवाणी मुले चालतात-धावतातही अधिक, ही शक्यता असल्याने सारा दोष एकट्या बुटावर टाकणे घाईचे ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ५ ते १७ वयोगटासाठी रोज ६० मिनिटांच्या हालचालीची शिफारस केली, पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक विश्लेषणात ११ ते १७ वर्षांची ८१ टक्के मुले त्या मर्यादेखालीच होती. हालचाल कमी म्हणजे तळपायालाही काम कमी: लंगडीत सारा भार एका चवड्यावर पेलला जातो आणि तळपायाचे लहान स्नायू राबतात. वर्गात दिवसभर काळ्या बंद बुटांत बसलेल्या पायाला ते काम मिळत नाही. अनवाणीपणाचा गौरवही जपूनच करावा लागतो, कारण अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून तळव्याच्याच त्वचेवाटे शरीरात शिरतात. दरम्यान, सपाट तळव्याच्या धास्तीने पालक आजही बुटांत घालायचे आधार शोधतात. वास्तविक मूल चवड्यांवर उभे राहताच कमान उमटत असेल, तर तो तळवा लवचिक सपाट मानला जातो, आणि दुखत नसल्यास त्यावर उपचाराची सहसा गरज नसते.