मळलेलं इंजिनच खरं

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीला रेल्वे नाही. जुन्या काळी गाडीनं जायचं तर आधी आर्वी गाठायची, तिथून नॅरोगेजनं पुलगाव, आणि पुलगावला मुंबई-हावडा मार्गावरची मोठी गाडी. आर्वी-पुलगाव हा 35 किलोमीटरचा फाटा 1917 साली सुरू झाला तो कापसासाठी. किलिक निक्सन कंपनीची, एकेकाळी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ सगळ्यांना ठाऊक असते. आर्वीची गाडीही त्याच कंपनीची, पण तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. आता तीही बंद आहे.

रेल्वेच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करण्याच्या छंदाचा आढावा या बंद फाट्यापासून घेण्याला कारण आहे, आणि ते भावनेचं नाही, मापाचं आहे.

रुळांचा हिशेब

खेळण्यातल्या गाड्यांना ठरावीक मापं दिली ती जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीनं, 1891 मध्ये. आज जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण ‘एचओ’, म्हणजे 1:87. त्याच्या रुळांतलं अंतर 16.5 मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटरच्या गेजला ते तंतोतंत लागू पडतं. आपली ब्रॉडगेज मात्र 1676 मिलिमीटरची, तिला 19.3 मिलिमीटर हवेत. बाजारात मिळतो तो रूळ 16.5चाच. त्यामुळे भारतीय इंजिनाची प्रतिकृती कितीही सुबक असली, तरी समोरून पाहिली की पाय जुळवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसते. यावर दोनच उपाय: रूळ आणि चाकांचे आस स्वतः घडवायचे, नाहीतर बाजूनं पाहून समाधान मानायचं. बहुतेक जण दुसरा पत्करतात.

आता आर्वीचं गणित मांडा. नॅरोगेज 762 मिलिमीटरची. 87नं भागलं की 8.76. आणि ‘एन’ या एचओहून छोट्या प्रमाणाचा 9 मिलिमीटरचा तयार रूळ जगभर मिळतो. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. म्हणजे राजधानी एक्सप्रेसपेक्षा आर्वीची गाडी जास्त खरी करता येते. फक्त एन प्रमाणाचे स्लीपर बारीक आणि दाट असतात. ते काढून लाकडाच्या काड्या विरळ आणि किंचित वाकड्या लावाव्या लागतात.

लांबीची तडजोड मात्र कुणालाच चुकत नाही. 35 किलोमीटरचा हा फाटाही 1:87 मध्ये 400 मीटर भरतो. म्हणून एक स्टेशन, एक नाला, कापसाच्या गाठींचा एक धक्का एवढंच निवडायचं आणि तेवढं नीट करायचं.

कामाचा मळ

खोक्यातून काढलेलं इंजिन चकचकीत असतं आणि म्हणूनच खोटं वाटतं. गाडी मळवण्याच्या कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली ती कॅलिफोर्नियाच्या जॉन अॅलननं. 1973 मध्ये तो वारला, पण त्याच्या आखणीतली गंजलेली, काजळलेली इंजिनं आजही नमुना म्हणून पाहिली जातात.

कृती अवघड नाही. आधी चकाकी मारणारं मॅट वार्निश. मग काळ्या-तपकिरी अॅक्रिलिकचं पातळ पाणी अंगभर फिरवायचं आणि ओलं असतानाच कापसाच्या बोळ्यानं वरून खाली पुसायचं, कारण पावसाचे ओघळ वरून खालीच येतात. रिव्हेटच्या कडेला, दारांच्या फटीत रंग उरतो तो उरू द्यायचा. वाळल्यावर खडूची भुकटी आणि शेवटी पुन्हा वार्निशचा हलका हात.

अवघड आहे ते मळ कुठला हे ओळखणं. चाकांजवळचा तांबूस थर ब्रेकच्या घासणीचा. छपरावरची काजळी धुराड्याच्या लगेच मागे दाट आणि लांब जाईल तशी विरत गेलेली. चंद्रपूरकडचा कोळसा नेणारी वाघीण आतून काळी आणि कडांवर घासून उघडी पडलेली. कापसाच्या डब्याला काळं फासलं तर जाणकार हसतील. त्याला दारापाशी घासटलेला रंग आणि उन्हाळ्यातली मातकट धूळ शोभते.

खडीचंही तसंच. परदेशी तयार खडी फिकट राखाडी असते, आपली काळ्या बेसॉल्टची. क्रशरची बारीक भुकटी चाळून अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे कण घेतले की रंग आपोआप जुळतो. पण आधी त्यावर लोहचुंबक फिरवायचं. बेसॉल्टमध्ये लोहाचे कण असतात; ते मोटारच्या चुंबकाला चिकटले की इंजिन जागेवरच बसतं.

चाल

पाहणाऱ्याला सगळ्यात आधी खटकते ती गती. ताशी 30 किलोमीटरनं जाणारी नॅरोगेज गाडी 1:87 मध्ये सेकंदाला जेमतेम 10 सेंटिमीटर सरकायला हवी. हौशी घरांत ती त्याच्या पाचपट पळत असते. जुन्या पद्धतीत रुळांतला विजेचा दाब कमी-जास्त करून गाडी चालवत. दाब उतरला की इंजिन अडखळे. 1990च्या दशकात रूढ झालेल्या डीसीसी पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर स्वतःपुरता हुकूम ऐकतो. त्यामुळे गाडी सावकाश सुटते, शिट्टी तिच्याच पोटातून वाजते. नॅरोगेजच्या इवल्या इंजिनात डिकोडर, स्पीकर आणि वजनासाठी शिसं कोंबणं हीच खरी कसोटी.

आपल्याकडचं भांडार

महाराष्ट्रात या छंदाचं मोठं घर म्हणजे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, 1998 मध्ये खुलं झालेलं लघुरेल्वे संग्रहालय. सर्कस, पोहण्याचा तलाव, डोंगर चढणारी गाडी असं ते काल्पनिक शहर आहे. यंत्रणेची शिस्त शिकावी तर तिथं.

मापं घ्यायला मात्र नागपूरचं मोतीबाग बरं. 2002 पासूनच्या या नॅरोगेज संग्रहालयात खरी इंजिनं आणि डबे उभे आहेत. ती बंगाल-नागपूर रेल्वेची परंपरा, आर्वीची नव्हे. तरी गेज तेच, म्हणून चाकं, बफर, पायऱ्या यांचा अंदाज तिथं येतो. साल ठरवणंही आलंच. शकुंतलेवर 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. दोन्ही एकाच फलाटावर उभी केलीत तर वर्षही तेच, 1994चं दाखवा.

ब्रॉडगेजची इंजिनं, डबे उद्याही धावतील. त्यांचे फोटो, आराखडे मिळत राहतील. आर्वीच्या गाडीचा डबा कुठल्या रंगाचा होता, गाठी कशा रचत, मधल्या स्टेशनांवर पाणी कुठून भरत, हे सांगणारी माणसं मात्र आर्वी-आष्टीकडे आता म्हातारी झाली आहेत. ज्याला ही गाडी करायची आहे त्यानं ब्रश नंतर घ्यावा. आधी वही घेऊन त्यांच्याकडे जावं.