नेत्रचिकित्सेचे देयक : नाव, संकेतांक आणि आपली जबाबदारी

ऊसतोडीच्या हंगामात बारामती व इंदापूर तालुक्यांतील अनेक रुग्ण डोळ्यांत धूळ किंवा पाचटाचे कुसळ गेल्याची तक्रार घेऊन येतात. आम्ही आश्च्योतन, सेक, तर्पण मनापासून करतो. देयकावर मात्र ‘नेत्रोपचार, एकूण रक्कम’ एवढेच लिहितो. विमा कंपनीच्या लेखी असे देयक मुकेच ठरते आणि त्याचा भुर्दंड रुग्णाला पडतो.

सुश्रुताचार्यांनी ७६ नेत्ररोग नावानिशी सांगितले. आज आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवर आयुर्वेदीय निदानसंज्ञांना संकेतांक आहेत. १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाच्या दुसऱ्या विभागाचे प्रकाशन झाले. विम्याच्या कागदपत्रांत आयसीडी-१० रूढ असल्याने अभिष्यंदाचे निदान नेत्रश्लेष्मावरणशोथाशी जुळत असेल, तर ‘एच १०’ हा संकेतांकही लिहावा.

देयकात निदान, डोळा उजवा की डावा, क्रियाकल्प व त्याचे दिवस नोंदवावेत. तपासणी, क्रियाकल्प आणि औषधे यांच्या ओळी स्वतंत्र असाव्यात. कारण वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त, तर औषधविक्री करपात्र आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदीय औषधांवरील दर ५ टक्के झाला आहे. औषधालयचालकांनी बॅच क्रमांक व वापराची मुदतही लिहावी.

विम्याचे संरक्षण बहुधा दाखल रुग्णांपुरतेच असते, हे रुग्णास उपचारापूर्वीच सांगावे. रक्कम मंजूर व्हावी म्हणून निदान मात्र कदापि बदलू नये. संकेतांक निदानामागून यावा, निदान संकेतांकामागून नव्हे.